झिरो बिअर, टॉनिक की कोकम? पन्नाशीत दारू सोडताना ग्लासात काय भरावं

दारू सोड म्हणून सांगणारे घरीदारी पुष्कळ भेटतात. संध्याकाळी साडेसातला हातात काय धरायचं, ते मात्र कुणी सांगत नाही. 'पाणी पी' हे उत्तर चूक नाही, पण वीस-पंचवीस वर्षं बसण्याची सवय असलेल्याला ते आठवडाभरही पुरत नाही. ही रिकामी जागा भरायला बाजारात आता बरंच काही आलंय: शून्य टक्क्याची बिअर, फ्लेवरवाली माल्ट पेयं, दारूविना जिन, हलकं टॉनिक. शिवाय आपलं कोकम, ताक आणि सोडा आहेतच. पन्नाशीच्या आसपास दारू सोडून पोटही उतरवायचं असेल तर यातलं काय घ्यावं आणि कशापासून लांब राहावं, एवढ्यापुरतंच हे परीक्षण. पारख करताना तीन गोष्टी पाहिल्या. त्यात साखर किती, ते जुन्या वाटेवर परत नेतं का, आणि ते सोबत चकणा मागतं का. तिसरी गोष्ट सहसा कुणी मोजत नाही, आणि वजन नेमकं तिथेच अडतं.

सकाळी उठल्यावर हात थरथरतात, घाम फुटतो, पहिला घोट पोटात गेल्यावरच बरं वाटतं, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांनी ही खरेदीची यादी बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एका रात्रीत बंद करणं धोक्याचं असतं. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जिवावर बेततं. डॉक्टर काही दिवस औषधं देऊन ती टप्प्याटप्प्यानं उतरवतात आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, सुरू करतात. रोज भरपूर पिणाऱ्यांच्या शरीरात बरेचदा त्याची कमतरता असते. अशा माणसाला अशक्तपणा आला म्हणून थायमिनशिवाय नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून 'एक सलाईन लावून घेऊ' हा गल्लीतला उपाय नको. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ फुकट आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मीटिंगांना तर फीच नसते (तिथल्या चहासोबतची बिस्किटं तेवढी वजनाच्या खात्यात धरायची).

आता हिशेब. आपल्याकडची बहुतेक व्हिस्की-रम ४२.८ टक्क्यांची असते. म्हणजे १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, आणि ग्रॅमला ७ कॅलरी धरल्या तर सव्वाचारशे कॅलरी. साखर शून्य, तरी एवढ्या. वरून कोल्ड्रिंक ओतलं तर दर ३०० मिलीमागे सुमारे ३० ग्रॅम साखर, म्हणजे आणखी सव्वाशेच्या आसपास. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली नुसत्या अल्कोहोलचे २८५ घेऊन येते, माल्टचे धरून साडेतीनशेच्या पुढे जाते. या कॅलरी बाटलीवर सहसा छापलेल्या नसतात. बिस्किटाच्या पुड्यावर पोषणाचा तक्ता असतो, दारूच्या बाटलीवर नसतो. त्यामुळे 'मी तर संध्याकाळी जेवतच नाही, तरी पोट कुठून आलं' असं विचारणारे भेटतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. त्यांना आकडाच कधी दिसलेला नसतो.

आठवड्याला चार क्वार्टर बंद केल्या तर महिन्याला सुमारे सव्वासात हजार कॅलरी वाचतात. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी. म्हणजे कागदावर महिन्याला जवळपास किलोभर उतार. प्रत्यक्षात अनेकांचा काटा पहिले दोन महिने हलतसुद्धा नाही. कारण ग्लासातली जागा गोडानं भरून निघते. दारू सुटल्यावर गोडाची ओढ जोरात लागते, जन्मात कधी पेढा न खाल्लेला माणूस रात्री दहाला फ्रिज उघडून श्रीखंड शोधतो. ती ओढ खरी असते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत ओसरते. पण त्या काळात ग्लासात जे शिरतं ते नंतर सवय होऊन बसतं. म्हणून ही निवड पहिल्याच आठवड्यात नीट करायला हवी.

झिरो बिअर

सगळ्यात जास्त विचारणा हिचीच. आधी लेबल वाचायला शिकायचं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत ०.५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असेल तरच ते पेय मद्य ठरतं. त्यामुळे 'नॉन-अल्कोहोलिक' एवढंच लिहिलेलं असेल तर आत अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. '०.०' असं ठळक लिहिलेल्यात ते जवळपास नसतंच. दोन्ही एकाच रॅकवर शेजारी शेजारी असतात आणि दुकानदाराला फरक ठाऊक असेल याची खात्री नाही. दारू सोडवण्यासाठी देतात त्या डायसल्फिरामच्या गोळ्या चालू असतील, किंवा बंद करून दोन आठवडे झाले नसतील, तर अर्ध्या टक्क्याची भानगडच नको. त्या गोळीवर थोडं अल्कोहोलही छाती धडधडणं, चेहरा लाल होणं, उलट्या असा तमाशा करू शकतं.

हायनिकेन ०.० ही यातली मापदंड म्हणावी अशी. नेहमीसारखी बिअर बनवून मग त्यातलं अल्कोहोल कमी दाबाखाली, कमी तापमानाला उडवून लावतात. हवेचा दाब उतरवला की अल्कोहोल कमी उष्णतेतच निघून जातं, आणि बिअर उकळल्यासारखी लागत नाही. कंपनीच्या आकड्यांनुसार ३३० मिलीमध्ये ६९ कॅलरी, नेहमीच्या हायनिकेनच्या जवळपास निम्म्या. कर्बोदकं १६ ग्रॅमच्या आसपास, त्यातली साखर ४ ग्रॅमच्या थोडी वर. देशागणिक आकडे थोडे बदलतात, तेव्हा हातातल्या डब्यावरचा तक्ता खरा मानायचा. चव पहिल्या दोन घोटांना फसवते. फेस ठीक, वास बिअरचा, कडवटपणा माफक. तिसऱ्या घोटाला माल्टचा गोडसरपणा पुढे येतो आणि अंगानं ती पातळ लागते. अल्कोहोलमुळे घशाला जी ऊब आणि जाडी जाणवते ती इथे नाही, आणि तिची भरपाई कुठल्याच ब्रँडला जमलेली नाही. बडवायझर ०.० आणखी हलकी, कडवटपणा नावालाच. लागर पिणाऱ्याला चालेल, स्ट्राँगवाल्याला ती पाणीदार सोडा वाटेल.

काही स्वस्त माल्ट पेयांत मुळात आंबवणंच अर्ध्यावर थांबवलेलं असतं. तिथे यीस्टनं न खाल्लेली माल्टची साखर तशीच राहते, म्हणून ती काढ्यासारखी गोड लागतात. मधुमेह असणाऱ्यांनी '०.०' या आकड्यावर भाळू नये. तो आकडा अल्कोहोलचा आहे, साखरेचा नाही. मागच्या तक्त्यात 'कर्बोदकं' ही ओळ पाहायची, नुसती 'साखर' नाही. माल्टमधल्या पिठूळ भागाचीही शेवटी रक्तात साखरच होते.

ठेवण्या-पिण्यातल्या चुका सगळीकडे त्याच. नेहमीच्या बिअरप्रमाणे झटपट गार करायला ती फ्रीझरमध्ये टाकतात. अल्कोहोल नसल्यानं ही शून्य अंशाच्या आसपासच गोठते, खऱ्या बिअरच्या आधी, आणि बाटली तडकते. बर्फ-पाण्याच्या बादलीत मीठ टाकून वीस मिनिटं ठेवली तर काम होतं. हिरवी बाटली उन्हात किंवा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली राहिली की तिला एक उग्र कुबट वास येतो. तो प्रकाशामुळे येतो, माल खराब असतो म्हणून नव्हे. डबा घेतला की ही कटकट नाही. उघडल्यावर अर्धी उद्यासाठी ठेवायची नाही, अल्कोहोलचं राखण नसल्यानं ती लवकर बिघडते. ती चार-पाच अंशांवर एकदम गार प्यावी. कोमट झाली की गोडसरपणा दुप्पट वाटतो.

आता खरा प्रश्न. झिरो बिअर कुणी घ्यावी? जो माणूस आठवड्यातून दोन-तीनदा सवयीनं, संगतीनं प्यायचा, ज्याला न मिळाली तर झोप उडत नव्हती, त्याला ती उपयोगी पडते. लग्नात, ऑफिसच्या पार्टीत हातात बाटली दिसली की कुणी आग्रह करत नाही, आणि ६९ कॅलरीत संध्याकाळ निघते. पण ज्याला दोन पेगांनंतर थांबताच यायचं नाही, त्याच्यासाठी ती वाईट खरेदी. तोच रंग, तोच फेस, तोच टोपण उघडल्याचा आवाज. डोक्याला आठवण करून द्यायला एवढं पुरतं, आणि त्यातून मिळत काहीच नाही, म्हणून 'खरी एखादी घेऊ या' इथवर गाडी सहज येते. व्यसनमुक्तीत काम करणारे अशांना पहिल्या वर्षी तरी हिच्या वाटेला जाऊ नका म्हणतात, ते या अनुभवातूनच. दोन डबे झाल्यावर तिसरा आपसूक उघडला जात असेल, तर आपण कुठल्या गटात आहोत हे वेगळं विचारायची गरज नाही. किंमतही पाहा. एक डबा साधारण शंभराच्या आगेमागे जातो, रोज दोन म्हणजे महिन्याला सहा हजार. एवढ्यात चांगल्या दर्जाची कडधान्यं, अंडी आणि फळं महिनाभर येतात.

गोड भावंडं

किंगफिशर रॅडलर आणि कूलबर्गसारखी फ्लेवरवाली माल्ट पेयं या कामासाठी नाहीत. रॅडलर म्हणजे लिंबाची चव असलेलं माल्टचं सरबत. उन्हाळ्याच्या दुपारी छान लागतं, पण गोड आहे. कूलबर्गचे आलं आणि पुदिना हे दोन फ्लेवर त्यातल्या त्यात कमी चिकट, पीच आणि स्ट्रॉबेरी मुलांच्या वाढदिवसाला ठीक. महिन्यातून एखादी घ्यायला हरकत नाही, रोजची केली तर क्वार्टरच्या जागी कोल्ड्रिंक आलं एवढाच फरक पडला.

टॉनिक वॉटरबद्दल मोठा गैरसमज आहे. कडवट लागतं म्हणून लोक त्याला सोड्यासारखं समजतात. नेहमीच्या टॉनिकमध्ये १०० मिलीला ८-९ ग्रॅम साखर असते, म्हणजे कोल्ड्रिंकपेक्षा थोडीच कमी. क्विनीनच्या कडवटपणाखाली ती लपते. 'लाइट' लिहिलेलं घ्या. मुंबईच्या 'स्वामी' या ब्रँडचं हलकं टॉनिक गार करून, काकडीची चकती आणि लिंबाच्या सालीचा तुकडा टाकून प्यायलं तर जिनची उणीव बऱ्यापैकी भरून निघते. हे या सगळ्या खरेदीतलं माझ्या मते मोठ्या माणसांना सर्वात साजेसं पेय आहे: कोरडं, कडू, सावकाश पिण्याजोगं. किंमत जरा टोचते.

डाएट कोल्ड्रिंकमध्ये कॅलरी नाहीत, पण गोडाची गोडी तशीच जिवंत राहते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं वजन उतरवण्यासाठी अशा बिनसाखरेच्या गोडव्यांवर भिस्त ठेवू नका असं सांगितलं. पहिल्या महिन्यात साखरेच्या कोल्ड्रिंकऐवजी घेतलं तर ते कमी वाईट. रात्री आठनंतर नको, कोलात कॅफिन असतं आणि दारू सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे झोप तशीही बिघडलेली असते.

दारूविना जिन, दारूविना व्हिस्की अशा बाटल्याही मिळतात. जिनचं समजू शकतं, कारण तिचा जीव जुनिपर या झुडपाच्या फळांच्या वासात आहे आणि तो पाण्यातही उतरवता येतो. व्हिस्कीचं नाटक मात्र कॅरॅमलच्या रंगावर आणि मिरचीच्या झणक्यावर चालतं. नीट प्यायला गेलात तर पहिल्याच घोटाला फसवणूक कळते. दीड-दोन हजार त्यात घालवू नयेत.

घरचं

इथे कोकणातल्या माणसाचं पारडं जड. पण दुकानात कोकमाच्या दोन बाटल्या असतात आणि निम्मे लोक चुकीची उचलतात. अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरवलेला पाक. एका ग्लासात तीन-चार चमचे पडले की साखर कोल्ड्रिंकच्या बरोबरीला जाते. आपल्याला हवं ते आगळ: साखर नसलेला, मिठात टिकवलेला कोकमाचा दाट रस. तोही लालच दिसतो, म्हणून बाटली फिरवून घटक वाचा. फक्त कोकम आणि मीठ एवढंच असलं पाहिजे. रंग गडद जांभळट लाल असावा, भडक गुलाबी नको.

कृती अशी. उंच ग्लासात तीन-चार बर्फाचे खडे, त्यावर आगळ एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली. भाजलेल्या जिऱ्याची चिमूट, ठेचलेल्या हिरव्या मिरचीचा एक तुकडा. मग गार सोडा २०० मिली, ग्लास तिरपा धरून कडेनं सोडायचा, नाहीतर कोकमाचा आंबटपणा लागताच फेस उसळून ओट्यावर येतो. ढवळायचं एकदाच, तळापासून. वरून मीठ घालायचं नाही, आगळात ते आधीच भरपूर असतं. चुकणारे इथेच चुकतात, खारट झालं म्हणून मग साखर घालतात आणि मूळ हेतू गेला. मिरचीचा तुकडा ही चैन नव्हे. घशाला लागणारा तो झणका दारूच्या जळजळीची जागा घेतो, आणि पेय घटाघट न जाता घोटाघोटानं जातं. एका ग्लासाला अर्धा तास लागला पाहिजे. कॅलरी नगण्य. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी मिठामुळे दिवसाला एकच ग्लास घ्यावा, दुसरा नुसत्या लिंबाचा. बैठकांमध्ये मिळणारा 'सोडा-लिंबू-मीठ'ही याच कारणासाठी मीठ चिमटीत धरून सांगायचा.

सोलकढी आणि हे एकच, असं समजू नका. नारळाच्या दाट दुधाची सोलकढी वाटीभर जेवणासोबत उत्तम, पण ग्लासावर ग्लास रिचवायची नाही, एका मोठ्या ग्लासात दीडशे कॅलरी सहज जातात. ताकाचं उलट. ५० ग्रॅम दही, १५० मिली पाणी, आलं, कोथिंबीर, हिंग: तीस-चाळीस कॅलरी आणि पोट शांत. पण ताक गार बर्फाचं असलं तरी संध्याकाळचं पेय वाटत नाही, जेवणाचं वाटतं. ते आठनंतर घ्यावं, सातला नाही.

नीरेबद्दल विचारतात, म्हणून सांगणं आलं. सकाळी लवकर, थंड ठेवलेली, केंद्रावरची नीरा म्हणजे ताडाचा किंवा शिंदीचा ताजा रस, दारू नव्हे. पण त्यात साखर शंभराला दहा ग्रॅमच्या पुढे असते, आणि ऊन चढलं, गारवा गेला की काही तासांत ती आंबून ताडी व्हायला लागते. किंचित फसफसणारी, आंबूस वास येणारी नीरा परत करायची. दारू सोडलेल्यानं दुपारची नीरा घेऊच नये. घरी बनवलेल्या कोम्बुचाचंही (आंबवलेल्या चहाचंही) तसंच, उन्हाळ्यात बाहेर जास्त दिवस ठेवला तर अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ शकतं.

नुसता सोडा? स्वस्त, शून्य कॅलरी, आणि चांगला. कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर लावून घरी बनवायचा यंत्रसोडा रोजच्या वापराला परवडतो. पाणी आधी फ्रिजमध्ये एकदम गार करायचं, कोमट पाण्यात गॅस धरत नाही आणि सोडा मिळमिळीत होतो. आम्लपित्ताचा त्रास असेल तर गॅसनं छातीत जळजळ वाढेल. दारू सुटल्यावर पहिले काही दिवस पोट तसंही चिडलेलं असतं. अशांनी आगळ साध्या गार पाण्यात घ्यावं.

चकणा

पेयाचं गणित कितीही जमवा, बशी जुनीच राहिली तर पोट उतरणार नाही. तळलेले मसाला शेंगदाणे, फरसाण, शेव यांच्या कॅलरी १०० ग्रॅममागे पाचशेच्या पुढे जातात, आणि बैठकीत १०० ग्रॅम कधी संपले ते कळत नाही. हायनिकेन ०.० वर वाचवलेल्या कॅलरी फरसाणाची एक बशी व्याजासकट वसूल करते. झिरो बिअर आणि माल्ट पेयं हमखास खारं-तळलेलं मागतात, कोकम-सोडा मागत नाही. त्याला तेवढे दोन गुण जास्त.

सगळ्यात कामाचा उपाय ग्लासाच्या आधीचा आहे. साडेसहाला, तलफ यायच्या आधी, पोटात प्रथिनं जाऊ द्या: दोन उकडलेली अंडी (दीडशे कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं) किंवा वाटीभर मटकीची उसळ, फरसाण न घालता. उपाशीपोटी आठपर्यंत बसणाऱ्याची तलफ दुप्पट असते, आणि तिचा अर्धा भाग निव्वळ भुकेचा असतो. नंतर तोंडात टाकायला फुटाणे ३० ग्रॅम, वाटीत काढून घेतलेले, पुड्यातून नाही. ते जेमतेम ११० कॅलरीत बसतात आणि चावायला वेळ लागतो. सोबत काकडी-मुळ्याच्या फोडी, लिंबू-तिखट लावून. उकडलेल्या शेंगा चालतात, पण मूठभरच.

हॉटेलात ऑर्डर देताना संकोच करू नका. परमिट रूममध्ये 'फ्रेश लाइम सोडा' म्हटलं की वेटर 'स्वीट की सॉल्ट' विचारतो. 'सॉल्ट, मीठ कमी, आणि सोडा वेगळा आण' असं सांगा, म्हणजे दुसऱ्या वेळी फक्त लिंबू मागवता येतं. सोबतचा मसाला पापड भाजलेला मागायचा. पिणाऱ्यांच्या टेबलावर पहिल्या दोन महिन्यांत बसूच नये हे खरं, पण धंद्यात, नात्यात ते टाळता येत नाही अशी माणसं आहेत. त्यांनी आपला ग्लास स्वतः भरायचा आणि नजरेआड होऊ द्यायचा नाही. 'एवढ्यानं काय होतंय' म्हणत कुणीतरी त्यात थोडी ओततोच.

श्रावणाचंही एक सांगायला हवं. गटारीला मनसोक्त बसून मग महिना-दीड महिना बंद, आणि गणपती उठले की पुन्हा सुरू, हा क्रम अनेकांचा वर्षानुवर्षं चालू आहे. सोडण्याची सुरुवात म्हणून श्रावण चांगला, घरचं वातावरण साथ देतं, मित्रही आग्रह करत नाहीत. पण वजनासाठी तो फसवा. साबुदाण्याची खिचडी, वडे, शेंगदाण्याचे लाडू, सोमवार-शनिवारचे उपवास आणि मग सणांचे गोडधोड यांत क्वार्टरच्या सगळ्या कॅलरी परत येतात. ज्याला दोन्ही साधायचं आहे त्यानं उपवासाला वरी-भगर, ताक आणि राजगिऱ्यावर राहावं.

काटा किती आणि कधी हलेल? पेय आणि बशी दोन्ही सांभाळली तर आठवड्याला अर्धा किलोपर्यंतचा उतार पन्नाशीत भरपूर झाला. वजनाआधी कंबर मोजा, बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून, सकाळी. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर आणि बायकांसाठी ८० ही धोक्याची रेषा. बरेचदा किलो तेवढेच राहतात आणि पट्ट्याचं एक भोक आत जातं, कारण दारूनं यकृतात आणि पोटात साठवलेली चरबी आधी उतरते. रक्तात पाहायचं असेल तर जीजीटी (यकृताची एक चाचणी) सुरुवातीला आणि सहा-आठ आठवड्यांनी करून घ्या, दारू खरोखर बंद असेल तर तो बराच खाली येतो. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, उतरायला तीनेक महिने लागतात, तो दुसऱ्या महिन्यात पाहून निराश व्हायचं कारण नाही. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी घरी साखर आणि दाब आठवड्यातून दोनदा तपासावा. दारू आणि वजन दोन्ही उतरल्यावर जुना डोस जास्त ठरू शकतो, चक्कर येते आणि लोक त्याला दारू सोडल्याचा अशक्तपणा समजतात. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी.

खरेदीला निघालाच असाल तर पहिल्या महिन्याची पिशवी एवढीच भरा: आगळाची अर्धा लिटरची एक बाटली (रोज दोन ग्लास केले तरी दोन आठवडे पुरते), सोड्याचा क्रेट, लिंबं, जिरं, फुटाणे किलोभर, हलक्या टॉनिकचे चार डबे शनिवार-रविवारसाठी. झिरो बिअर घ्यायचीच असेल तर दोनच डबे, तेही पाहुणे येणार असतील तेव्हा. आगळाची बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि ओला चमचा घालू नका, वर पांढरी बुरशी धरते.